झोळीतला रेकॉर्डर: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैत एक सीनियर दादा मालिकांसाठी मुंबईला निघाला, तेव्हा त्याचा हातात मावणारा स्टीरिओ रेकॉर्डर मी साडेपाच हजारांना पदरात पाडून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. वर काटकोनात बसवलेले दोन माईक, आत दोन पेन्सिल सेल, बाजूला मेमरी कार्डाची खाच, अशा बनावटीचे बरेच मिळतात आणि मी सांगतेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. मी नाटक शिकते. वर्गातल्या दोघांनी तेवढ्याच पैशांत फोनसाठी गिंबल (फोन न हलता धरणारा दांडा) घेतलं आणि मला वेड्यात काढलं. आता आठवड्यातून दोनदा तेच विचारतात, ‘आज रेकॉर्डर मोकळा आहे का गं?’

पहिला अनुभव मात्र नाक कापणारा. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी ऑगस्टात असते, त्यामुळे आमच्या तालमी ऐन पावसात. पहिली सलग रन-थ्रू, मी ऐटीत बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकला, मी खूश. एकांकिका संपल्यावर बघते तर कार्डावर काहीच नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे नुसती तयारी. बटण दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू होतं. सेकंदाचे आकडे पळताना दिसल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम त्या दिवशी लागला.

दुसऱ्या दिवशीची तालीम मात्र नीट मिळाली आणि रात्री हेडफोन लावून ऐकताना मला घाम फुटला. सर दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते, ‘वाक्याची शेपटी गिळतेस.’ मला वाटायचं, सरांना सवय आहे बोलायची. पण ‘मी जाणार नाही’ या वाक्यातलं ‘नाही’ खरंच ऐकू येत नव्हतं. म्हणजे मी जाणार होते! अर्थच उलटा. फोनवरही तालमी रेकॉर्ड केल्या होत्या, पण तिथं हे कळलं नव्हतं, कारण फोन मोठा आवाज दाबतो, लहान आवाज उचलतो आणि सगळं एका पातळीवर आणून ठेवतो.

हीच खोड रेकॉर्डरमध्येही असते, ऑटो लेव्हल नावानं. ती आधी बंद करा. नाटकात पॉझ घेतला की ऑटो लेव्हलला वाटतं आवाज कमी झाला, आणि ते पातळी चढवत नेतं. मग ज्या शांततेसाठी दिग्दर्शकानं तीन तालमी खर्च केल्या, तिथं पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. मी पातळी हातानं लावते. नाटकातला सगळ्यात मोठा आरडाओरडा आधी करून घ्यायचा आणि पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं (शून्याला पोचला की आवाज फाटतो). खरा प्रयोग तालमीपेक्षा चढाच होतो, त्याला तेवढी जागा लागते. २४ बिटवर, म्हणजे बारीक तपशिलाच्या सेटिंगवर, रेकॉर्ड केलं की हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र फाटलेलाच राहतो.

पण सेटिंगपेक्षा ठेवायची जागा जास्त महत्त्वाची, आणि ती शिकायला मला चार महिने लागले. सुरुवातीला मी मागच्या रांगेत बसायचे, प्रेक्षकाला ऐकू येतं तसं मिळेल म्हणून. मिळाली नुसती विहीर. अंतर दुप्पट केलं की नटाकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो, हॉलचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. कान दोन्ही वेगळे काढतो, माईक नाही. आता पहिल्या रांगेसमोर उंच स्टँड, माईक नटांच्या छातीकडे. रेकॉर्डर रंगमंचाच्या फळीवर कधीच ठेवू नका, एकेका पावलाचा धमाका होतो.

कथक शिकणाऱ्या मैत्रिणीच्या परीक्षेसाठी व्हिडिओ करायचा होता, तेव्हा हे सगळं पुन्हा उलटंपालटं झालं. घुंगरू जवळून घेतले की नुसती चुरचुर येते आणि पढंतीचे, म्हणजे तोंडानं म्हणायचे तालाचे, बोल त्याखाली गाडले जातात. शेवटी स्टँड दीड मीटरवर, पायांऐवजी पढंत करणाऱ्या ताईंकडे थोडा वळवून, स्टँडच्या पायाखाली योगाची चटई दुमडून. रस्त्याची घरघर घालवायला लो-कट (खालचे, जाड आवाज कापणारी सेटिंग) लावला तर तबल्याचा डग्गा डबा वाजवल्यासारखा लागला, लगेच काढला. संवादांना लो-कट चालतो, डग्ग्याला आणि पखवाजाला नाही.

चित्र फोनवरच घेतलं, आणि तिथली पहिली अडचण दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन आपल्या मर्जीनं ३० फ्रेमवर चालला की चित्रात पट्टे सरकतात. प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं लावता येतात) सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, प्रश्न बराचसा मिटतो. डिमरवर मंद केलेले स्वस्त एलईडी तरीही छळतात, ते पूर्ण पेटवून घ्यायचे.

आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीला टाळी. फोन मागे १४ मीटरवर होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे फोनला टाळी ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू आली, २५ फ्रेमच्या हिशोबात नेमकी एक फ्रेम. सॉफ्टवेअरनं दोन्ही आवाज एकमेकांवर बसवले आणि ततकाराचा (पायांच्या बोलांचा) आवाज पायाच्या मागे पडला. साध्या माणसाला कळणार नाही, कथकवालीला लगेच कळलं. तेव्हापासून तळवे मिटलेली फ्रेम डोळ्यांनी शोधते.

सगळ्यात मोठी फजिती तालुक्याच्या एका नाट्यगृहात. नाट्यगृहाच्या साउंड मिक्सरमधून थेट वायर घेतली की झालं, अशी माझी समजूत. अर्धा तास नुसता खरखराट. साउंडवाले काका येऊन म्हणाले, ‘बाळा, ते माईकचं भोक आहे. लाइनचा, म्हणजे मिक्सरमधून येणारा जोरकस आवाज त्यात मावत नाही.’ त्यांनी त्यांच्याकडची पातळी उतरवून दिली. तरी घरी येऊन ऐकलं तर प्रेक्षकांचं हसू गायब, आणि ज्याला माईक नव्हता तो म्हाताराही गायब. मिक्सर फक्त माईकचंच देतो. हल्ली मिक्सरचा आवाज एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर घेते, रेकॉर्डर हॉलमध्ये ठेवते, आणि दोन्ही ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळते. ते फुकट आहे, पुरतं. त्यातलं नॉइज रिडक्शन (मागची खरखर काढणं) जपून; जास्त ओढलं की नट पाण्याखालून बोलतात.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी, तेव्हा ३२ जीबीचं कार्ड आठवडाभर सहज पुरतं. फायलींना नावं मात्र त्याच रात्री द्या. कोलकात्यात १९०२ साली ध्वनिमुद्रण करताना गायिका गौहर जाननं गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं होतं, पुढं तबकडी कोणाची हे कारखान्यात कळावं म्हणून. मी सुरुवातीलाच बोलते: तारीख, नाटक, कितवी तालीम. मुलं हसतात, हसू देत.

तक्रारी? हातात धरलं की प्लॅस्टिकची कुरकुर रेकॉर्ड होते. चार्जिंगच्या वायरीचं तोंड ढिलं झालंय. अंगचा स्पीकर नावापुरता. सेल मध्येच मान टाकतात, म्हणून मध्यंतरात न बघता बदलते. आणि मोठ्या माईकची जाड वायर लागत नाही, त्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागतं. नवा कॅमेरा घ्यायच्या विचारात असाल तर आधी हा घ्या, एवढं नक्की म्हणेन.

जूनपासून मी दोन महिने गावी आहे, तोवर रेकॉर्डर ज्युनिअर मुलांकडे राहील. होल्डच्या (बटणं कुलूपबंद करणाऱ्या) खटक्याशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तो पुसायचा नाही.