नेतृत्व शिकवायला एनएसएस कितपत कामाची? वर्षभरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. एनएसएस म्हणजे खराटा, टोपी आणि फोटो, असंच स्टाफरूममध्ये बोललं जातं. 1969 पासून चालू असलेल्या या योजनेतून मुलांना नेतृत्व शिकवता येतं का? येतं, पण सगळ्या भागातून नाही.

नियमित कामाचे वर्षाला 120 तास. त्यातले बरेचसे रॅली, शपथ आणि जयंत्यांमध्ये खपतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांना टाळ्या भरपूर पडतात, पुढे काही नाही.

खरी कसोटी सात दिवसांच्या निवासी शिबिरात. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची आणि सांध्यावर सांधा येऊ न देता थर रचायचे. गटप्रमुख वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारा. दिवसभर घसा बसेपर्यंत सूचना देत होता. संध्याकाळी पाहतो तर पाणी बांधाखालून खुशाल चाललेलं! तळातली सैल वाळू कुणी उपसलीच नव्हती. गावातले एक आजोबा सकाळपासून तेच सांगत होते.

रात्रीच्या बैठकीत जुंपली. मी मुद्दाम गप्प बसलो (या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच). शेवटी स्वयंपाक गटातली, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "उद्या आजोबा सांगतील तसं करायचं. आणि दादा, तू आधी घमेलं उचल." दुसऱ्या दिवशी सगळे थर काढून तळ साफ केला. घमेली उचलणाऱ्यांत गटप्रमुख पहिला होता.

माझ्या मते बंधाऱ्यापेक्षाही स्वयंपाकघर जास्त शिकवतं. पिठलं-भाताला उशीर झाला की भुकेली पोरं थेट नाव घेऊन ओरडतात, तिथे भाषण चालत नाही.

तक्रारी आहेतच. अनुदान तुटपुंजं, त्यात उशिरा येतं. मुलींना मुक्कामी पाठवायला घरचे तयार होत नाहीत, त्यासाठी घरोघरी जाऊन बोलावं लागतं. अहवाल लिहिण्यात शिबिराइतकाच वेळ जातो. आणि निव्वळ प्रमाणपत्रासाठी आलेली मुलं श्रमदानाच्या वेळी बरोबर गायब होतात.

तरी पुढच्या वर्षीही हे काम मीच मागून घेतलंय. आता गटप्रमुख रोज बदलायचा, आणि किराण्याच्या हिशेबाची वही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यायची.