‘वेलकम होम’ की ‘येऊ नका’?

जून १९४८ मध्ये जमैकाहून स्थलांतरितांना घेऊन आलेलं ‘एम्पायर विंडरश’ जहाज लंडनजवळच्या टिल्बरी बंदराला लागलं, तेव्हा लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानं मथळा दिला: ‘वेलकम होम’. उतरणारे सगळे साम्राज्याचे सुपुत्र! पण त्याच आठवड्यात मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी असं स्थलांतर रोखा म्हणून ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींना पत्र धाडलं.

१९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या आशियाईंना हाकललं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगर परिषदेनं थेट तिथल्या ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात छापली: घरं नाहीत, शाळा भरल्यात, इकडे येऊ नका. निघालेल्या बहुतेकांच्या खिशात ब्रिटिश पासपोर्टच होता, बरं का.

दोन्हींत मला जाहिरात जास्त प्रामाणिक वाटते. मथळ्यानं पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही. शिवाय फुकटात लेस्टरचं नाव झालं आणि हजारो जण तिथेच गेले.