यासर अराफात संग्रहालय, रामल्ला : २००४ पाशी थांबणारी मांडणी

रामल्ला येथे, पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे मुख्यालय असलेल्या मुकाताच्या आवारात, पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांचा मकबरा आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय लागूनच आहेत. मकबरा २००७ मध्ये उभा राहिला आणि संग्रहालय २०१६ मध्ये खुले झाले. आधी मकबरा पाहावा, असे मी सुचवेन. जेरुसलेमच्या फिकट दगडातील ही चौकोनी वास्तू तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली असून थडग्याखाली रेल्वे रुळाचा तुकडा बसवलेला आहे. हे दफन तात्पुरते आहे, पुढे कधीतरी अराफात यांना जेरुसलेमला नेले जाईल, असा त्याचा संकेत आहे. खुद्द थडगेच इस्रायलशी न झालेल्या एका कराराची वाट पाहते आहे, असे दुसरे स्मारक माझ्या माहितीत नाही.

संग्रहालयात विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा पॅलेस्टिनी इतिहास छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रांतून उलगडत जातो. मांडणी नेटकी आहे, मात्र मजकूर बराच असल्याने वाचण्याची तयारी हवी. अराफात यांना राबीन आणि पेरेस या इस्रायली नेत्यांसह १९९४ मध्ये मिळालेले शांततेच्या नोबेलचे पदक येथे आहे. २००७ मध्ये गाझा हमास या, अराफात यांच्या फतह पक्षाच्या प्रतिस्पर्धी संघटनेच्या ताब्यात गेल्यावर ते तिकडेच अडकले होते आणि संग्रहालयासाठी परत मिळवावे लागले. एका पदकाच्या या प्रवासात पुढल्या फाटाफुटीची गोष्ट आपसूक सांगितली जाते.

खरा ऐवज शेवटी आहे. २००२ मध्ये इस्रायली सैन्याने मुकाताला वेढा घातला तेव्हा अराफात ज्या खोल्यांत राहिले, त्या जतन केल्या आहेत. खिडक्यांशी रचलेली वाळूची पोती, अरुंद पलंग, छोटेसे कपाट : एवढ्याशा जागेत एक राष्ट्रीय नेतृत्व कोंडले गेले होते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या दारात उभे राहणे वेगळे. आजारी अराफात ऑक्टोबर २००४ अखेरीस येथूनच पॅरिसला गेले आणि ११ नोव्हेंबरला तेथे वारले.

कथन इथे संपते, आणि माझी तक्रार हीच आहे. अराफात हेच शांततेतील अडसर आहेत, असे वॉशिंग्टन आणि इस्रायली सरकार वर्षानुवर्षे सांगत होते. त्यांच्यानंतर या म्हणण्याची कसोटी लागली. जानेवारी २००५ मध्ये महमूद अब्बास प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, फेब्रुवारीत इजिप्तमधील शर्म अल-शेखला त्यांनी व इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांनी हिंसाचार थांबवण्याची घोषणा केली, त्याच वर्षी इस्रायलने गाझातील वसाहती हटवल्या. पण जानेवारी २००६ मध्ये शेरॉन पक्षाघाताने कोसळले आणि त्याच महिन्यात हमासने पॅलेस्टिनी संसदेच्या १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. अडसर माणसाचा होता की परिस्थितीचा, हा प्रश्न त्या पंधरा महिन्यांत जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल, आणि त्याला एखादे दालन द्यायला हरकत नव्हती. अराफात यांच्या स्वतःच्या चुकांबद्दलही, विशेषतः दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळातील, मांडणी फारच संकोची वाटते. (अनुयायांनी उभारलेल्या स्मारकाकडून याहून अधिक अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे ठरेल.)

तरीही इतिहासात रस असणाऱ्याने हे संग्रहालय चुकवू नये. किमान दोन तास राखून ठेवावेत, इस्रायल व पॅलेस्टिनी नेतृत्वातील १९९३ च्या ओस्लो कराराची तोंडओळख करून यावे आणि जेरुसलेमला परतायचे असल्यास वाटेतील कलंदिया या इस्रायली तपासणी नाक्यावरील खोळंब्याचा वेळ वेगळा धरावा.