आसईची लढाई: ७४वी की ७८वी पलटण?

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईजवळ, केळना आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मराठा सरदार शिंद्यांशी लढणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. यातली सरस कोणती? दोघींच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

७८वी डाव्या टोकाला, केळनेच्या बाजूला. शिंद्यांच्या तोफांसमोर ती रांग न मोडता चालत गेली आणि जवळून बार काढून संगिनींनी तुटून पडली. तिथले मराठा गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, हे आपण विसरू नये. काहींनी मेल्याचं सोंग घेतलं आणि पलटण पुढे जाताच मागून तोफा डागल्या. ७८व्या पलटणीला परत फिरून त्या पुन्हा जिंकाव्या लागल्या.

७४वी उजवीकडे. पुढची तुकडी चुकून आसई गावाच्या रोखाने भरकटली, पलटणही मागोमाग गेली आणि तोफांच्या तोंडी सापडली. वर मराठा घोडदळ चालून आलं. सुमारे ५०० पैकी ४०० जण पडले किंवा जखमी झाले. इंग्रज अधिकारी मॅक्सवेलचं घोडदळ मदतीला धावलं म्हणून उरलेले वाचले.

दोघींनाही हत्तीचं मानचिन्ह मिळालं. माझ्या मते लढाईचं पारडं ७८वीने फिरवलं, पण सैनिकांच्या चिवटपणात ७४वी सरस, कारण चूक तिच्या शिपायांची नव्हतीच.