पर्कोलेटर: १ टक्का एफडीआर, पण कशावर?

प्रथिनांच्या अभ्यासात मास स्पेक्ट्रोमीटरमधून आलेल्या प्रत्येक स्पेक्ट्रमला सर्च इंजिन (डेटाबेसशी जुळवून बघणारा प्रोग्रॅम) कुठलं ना कुठलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, चिकटवतंच. त्यातलं खरं कुठलं आणि योगायोगाने जुळलेलं कुठलं, हे गाळायला पर्कोलेटर हा प्रोग्रॅम २००७ पासून आहे, मोफत आणि मुक्त-स्रोत. अजूनही आधी हाच लावून पाहावा.

कॉमेट किंवा एमएसफ्रॅगर ही सर्च इंजिनं पर्कोलेटरला लागणारी पिन फाइल थेट देतात. टॅबने पाडलेले साधे रकाने: लेबलमध्ये टार्गेटला (खऱ्या डेटाबेसातलं पेप्टाइड) १, डिकॉयला (मुद्दाम बनवलेलं खोटं पेप्टाइड) -१, पुढे स्कोअर, वस्तुमानातला फरक, चार्ज वगैरे. प्रोग्रॅम डेटाचे तीन भाग करतो, दोन भागांवर एसव्हीएम (उदाहरणांवरून दोन गट वेगळे करायला शिकणारी पद्धत) शिकवतो आणि तिसऱ्याला गुण देतो. एका स्कोअरवर रेघ मारण्यापेक्षा तेवढ्याच एफडीआरमध्ये (पास झालेल्यांतल्या चुकांचं प्रमाण, डिकॉय मोजून काढलेलं) सहसा बरीच जास्त पेप्टाइड हाती लागतात.

घात होतो तो रकान्यांत. पेप्टाइड किती प्रथिनांत सापडतं, हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण अक्षरं विस्कटून बनवलेलं डिकॉय क्वचितच दोन प्रथिनांत येतं. मग एसव्हीएम 'चुकीचं' ओळखण्याऐवजी 'डिकॉय' ओळखायला शिकतं, डिकॉय तळाला जातात आणि खोटी टार्गेट वरच राहतात. एफडीआर मात्र देखणा दिसतो. असा रकाना काढून टाका. कमी स्कोअरच्या ओळी आधीच गाळून देऊ नका, त्याही शिकण्यासाठी लागतात.

प्रथिनांचा एफडीआर वेगळा मागावा लागतो, आणि तो मागाच. समजा २०,००० पेप्टाइड १ टक्क्याला मिळाली, म्हणजे साधारण २०० खोटी. खरी पेप्टाइड ३,००० प्रथिनांवर दाटीने बसतात, खोटी विखुरतात. त्यातली १०० जरी नव्या प्रथिनांवर पडली, तरी प्रथिनांच्या यादीत चूक ३ टक्क्यांवर गेली.

छोट्या नमुन्यात जपून. (डिकॉय + १) ÷ टार्गेट हे सूत्र धरलं, तर एकही डिकॉय नसताना १ टक्क्यासाठी किमान १०० टार्गेट लागतात. लॉगमध्ये सुरुवातीला आणि शेवटी किती जुळण्या पास झाल्या ते ताडून बघा. आकडा जेमतेम हलला असेल तर शिकवण्याचा उपयोग झालेला नाही.

पडताळणीसाठी नमुन्यात नसलेल्या जीवाची तेवढीच पेप्टाइड डेटाबेसमध्ये मिसळा. पास झालेल्या १०,००० मध्ये ६० परकी निघाली, तर चूक ०.६ नव्हे, दुप्पट म्हणजे १.२ टक्के धरा: जितकी चुकून परक्यांवर पडली, साधारण तितकीच आपल्यांतही लपलेली असतात.