स्तनपान सल्ला सेवा: पाच भेटींनंतरचा अभिप्राय
गरोदरपणाच्या आठव्या महिन्यापासून बाळ चार महिन्यांचे होईपर्यंत मी एका स्तनपान सल्ला सेवेकडे पाच वेळा गेले. मला लहानपणापासून इसब आणि दमा आहे. त्यामुळे अंगावर पाजल्याने बाळाला ॲलर्जी टळेल का, हाच माझा मुख्य प्रश्न होता.

सल्लागार ताईंनी पहिल्याच भेटीत संसर्ग आणि ॲलर्जी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. संसर्गाबाबत त्या निःशंक होत्या. गर्भातच वारेतून बाळाला आईची आयजीजी नावाची प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) मिळतात; जन्मानंतर चीकदुधातून मुख्यतः आयजीए नावाचे प्रतिपिंड मिळते आणि ते आतड्याच्या अस्तरावर जंतूंना चिकटू देत नाही. आईच्या आतड्यात ज्या जंतूंशी गाठ पडलेली असते, त्यांना ओळखणाऱ्या पेशी स्तनांपर्यंत पोहोचतात, म्हणून बाळाच्या आसपास वावरणाऱ्या जंतूंविरुद्धचेच संरक्षण दुधात उतरते, हे त्यांनी चित्र काढून समजावले. दुधातील काही शर्करा बाळाला पचतच नाहीत, त्या त्याच्या आतड्यातील उपकारक जिवाणूंसाठी असतात, हे ऐकून मी खरोखर थक्क झाले.

प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी दूधच येत नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते. ताईंनी हाताने दाबून चमच्यात काढलेले दाट, पिवळे चार थेंब मला दाखवले आणि सुरुवातीला एका वेळी चमचाभरही पुरते, असे सांगितले. मग बाळाची हनुवटी स्तनाला टेकवून खालचा ओठ बाहेर वळला आहे ना, हे त्यांनी तीनदा तपासले. या एका भेटीसाठीही मी ही सेवा पुन्हा घेईन.

ॲलर्जीबाबत त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. स्तनपानाने इसब किंवा अन्नाची ॲलर्जी टळतेच, असा ठाम पुरावा नाही, आणि ॲलर्जी टाळण्यासाठी आईने अंडी, शेंगदाणे सोडण्याचीही गरज नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, 640 बाळांवरील ब्रिटनमधील लीप अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना योग्य स्वरूपात शेंगदाणे लवकर दिल्याने त्यांची ॲलर्जी पुष्कळ कमी झाली होती. अर्थात माझ्या बाळाला ते केव्हा द्यायचे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, असेही त्यांनी बजावले.

भेटीच्या वेळा दोनदा बदलल्या, ती किरकोळ बाब. तक्रार आहे ती सेवेच्या छापील पत्रकाबद्दल. त्यात ‘स्तनपान म्हणजे ॲलर्जीपासून संपूर्ण संरक्षण’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. तिसऱ्या महिन्यात बाळाच्या गालांवर इसबाचे लाल, खरखरीत चट्टे उठले, तेव्हा ते वाक्य वाचून आपलेच दूध कमी पडले, असे मला दोन रात्री वाटत राहिले. ताईंनी फोनवर माझी समजूत घातली. पण सगळ्याच आया फोन करत नाहीत. ते वाक्य काढून टाकावे, असे मी सेवेला लेखी कळवले आहे.