अर्धवेळ पीएचडीच्या नावावर 1,07,500 रुपये गेले. तुमचे जाऊ देऊ नका

गोव्यात म्हापशातल्या एका ‘संशोधन मार्गदर्शन केंद्रा’ने परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या नावाने राज्यशास्त्राच्या अर्धवेळ पीएचडीसाठी माझ्याकडून 1,07,500 रुपये घेतले. नोंदणी 25,000, गाइडचे मानधन 40,000, माहितीचे विश्लेषण 18,500 आणि दोन शोधनिबंध प्रत्येकी 12,000. विद्यापीठाच्या नावाची पावती एकाही रकमेला नाही. सगळे पैसे एका माणसाच्या खात्यावर यूपीआयने गेले.

प्रबंध लिहून द्या, असे मी कधीच म्हटले नव्हते. ऐकणारा प्रत्येक जण आधी तोच अर्थ काढतो, म्हणून हे सांगते. लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेऊन, शिकवणाऱ्याला ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, दिवसभर बसणे परवडत नाही आणि अर्धवेळ पीएचडी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांत बसते. म्हणजे मागणी बेकायदा नव्हती. पण त्याच नियमांत नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र लागते, आणि केंद्राने ते मागितलेच नाही. जिथे ते मागत नाहीत, तिथून उठा.

कोर्सवर्कचा हिशेब मी करायला हवा होता. किमान 12 क्रेडिट लागतात. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, म्हणजे 180 तास. यांनी दोन शनिवार-रविवारच्या ‘कार्यशाळे’नंतर प्रमाणपत्र दिले. गाइडचेही तसेच. प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 यांहून जास्त विद्यार्थी नसतात. निवृत्तीला तीन वर्षेही उरली नसतील, तर त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. गाइडचे नाव मिळाल्यावर त्याच्या विभागात स्वतः फोन करा, केंद्राने दिलेल्या नंबरवर नव्हे.

पण खरे कळायला हवे होते ते तक्ता 4.7 पाहताना. ते पान आठवले की आजही अंगाची आग होते. विषय होता गोव्यातल्या पंचायतींमधील महिला पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य. ‘क्षेत्रपाहणी’ म्हणून 400 उत्तरदात्यांचे तक्ते आले, आणि 4.7मध्ये लिहिले होते : ‘पंचायत समिती सदस्य, 60’. गोव्यात पंचायत समिती नाहीच! वीस लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या राज्याला मधला स्तर टाळण्याची मुभा घटनेच्या 243-ब कलमात आहे. 2011च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. इथे 191 ग्रामपंचायती आणि वर थेट दोन जिल्हा पंचायती. हे मी दरवर्षी बारावीला शिकवते. त्याच पानावर मामलेदाराऐवजी ‘तहसीलदार’ होता. म्हणजे दुसऱ्या राज्याचा तक्ता उचलून वर गोव्याचे नाव घातले होते. मी टायपिंगची चूक समजले आणि पेन्सिलीने दुरुस्ती करून परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी सुधारित तक्ता आला. पंचायत समितीचे ते 60 जण आता ‘जिल्हा पंचायत सदस्य’ झाले होते. दोन्ही जिल्हा पंचायतींचे मिळून सदस्यच 50 आहेत. तरीही शोधनिबंधांचे 24,000 त्याच आठवड्यात भरले, कारण सल्लागार समितीपुढे सादरीकरणाची तारीख सांगितली होती. ती समितीही नव्हती.

आलेल्या माहितीसोबत लोकांनी भरलेल्या प्रश्नावल्या मागा. तक्ते नकोत, कागद हवेत, गावाचे नाव आणि तारीख असलेले. लाखभर लोकसंख्येला यामानेच्या सूत्राने (किती जणांना विचारायचे ते ठरवणाऱ्या) पाच टक्के चुकीला सुमारे 400चा नमुना निघतो, म्हणून बनावट प्रबंधांत हाच आकडा सोयीचा असतो.

निबंध तीन दिवसांत ‘स्वीकृत’ झाले, परीक्षकाचा एकही शेरा नाही. नियतकालिक खरे होते, संकेतस्थळ मात्र त्याची नक्कल. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर टाकून तिथला प्रकाशक जुळतो का पाहा. आणि प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती 2022मध्येच गेली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तो लेखी मागा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीसुद्धा फेब्रुवारी 2025मध्ये बंद झाली. ‘केअरमध्ये छापून देतो’ म्हणणारा तिथेच पकडता येतो.

परराज्यातल्या त्या विद्यापीठाच्या कचेरीने एका ओळीत कळवले की हा नोंदणी क्रमांक आमचा नाही. ठीक. पण त्यांच्या लेटरहेडचा गैरवापर झाला, त्याची तक्रार ते करणार का? त्यावर उत्तर नाही. पोलीस ठाण्यात सांगितले, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला. सायबरवाल्यांकडे गेले तर म्हणाले, माणूस समोर भेटला होता, मग सायबर कसा? ठाण्यात परत जा. चार खेपा, चारही वेळा रजा टाकून. बनावट नोंदणीपत्र टेबलावर ठेवले तरी कोणी हातात घेऊन वाचले नाही. खोटा दस्तऐवज करणे हा दिवाणी मामला कधीपासून झाला? पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी सात महिन्यांनी लावला, तोवर खात्यात काही उरले नव्हते.

तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या पहिल्या अर्जावर तो क्रमांक नव्हता, आणि आता ‘असा अर्ज प्राप्त झालेला नाही’ असे मला लेखी मिळाले आहे.